ओक आणि लॅव्हेंडर : दोघांच्या गरजा खरोखर सारख्या आहेत का?

अंकुर

नमस्कार. या आठवड्यात माझ्याकडे दोन गोष्टी एकदमच आल्या आहेत. एका जुन्या ओकच्या झाडाखाली वेचलेल्या अठरा बिया आहेत, आणि लॅव्हेंडरची वीतभर उंचीची सहा रोपे आहेत. जागा एकच आहे : थोड्या उताराची, दिवसभर उन्हात असणारी, चिकण मातीची मोकळी पट्टी. लागवडीची माहिती देणाऱ्या पुस्तकांत मी दोघांची पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दोन्ही ठिकाणी जवळजवळ तेच शब्द सापडले : भरपूर ऊन, निचरा होणारी जमीन, मध्यम पाणी. यावरून माझा असा समज झाला की ओक मधोमध लावावा, त्याच्या भोवती लॅव्हेंडरचे कडे करावे आणि दोघांना एकाच वेळापत्रकाने पाणी द्यावे.

हा समज बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. विचारण्याचे कारण असे की मागच्या खेपेला आणलेले लॅव्हेंडरचे रोप मी मोठ्या निगुतीने सांभाळूनही दोन महिन्यांत गेले, आणि ते का गेले हे मला आजही कळलेले नाही. ओकचा मात्र मला काहीच अनुभव नाही. बिया सध्या टेबलावर एका ताटलीत ठेवल्या आहेत.

सोटमूळ

अंकुर, बाकी सगळे नंतर बोलू. आधी त्या बिया ताटलीतून उचला. ओकची बी ही धान्यासारखी वाळवून ठेवायची बी नाही. तिच्यातला ओलावा ठरावीक मर्यादेखाली गेला की आतला गर्भ मरतो, आणि नंतर कितीही भिजवली तरी ती उगवत नाही. उबदार खोलीत उघड्यावर काही दिवस राहिल्या तरी बऱ्याच बिया वाया जातात. आज रात्री त्या पाण्यात भिजत घाला आणि सकाळी पाहा. ज्या तळाशी बसतील त्या ठेवा. ज्या तरंगतील त्या बहुधा आतून पोकळ असतात किंवा सोंडकिड्याच्या अळीने खाल्लेल्या असतात. सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक दिसले, तर अळी आतले खाऊन बाहेर पडली आहे असे समजा. आधी भिजवायला सांगतो आहे याचे कारण असे की थोडीशी सुकलेली चांगली बीसुद्धा सुरुवातीला तरंगते, त्यामुळे लगेच निकाल लावला तर चांगली बीही फेकली जाते.

आता एक प्रश्न. ज्या झाडाखाली बिया वेचल्या त्याची पाने आठवतात का? पानांच्या कडांचे लाटांसारखे भाग टोकाला गोलसर होते, की टोकदार होते आणि प्रत्येक टोकावर केसासारखे कूस होते?

अंकुर

तत्पर उत्तराबद्दल मनापासून आभार. बिया पाण्यात टाकल्या आहेत. पाने गोलसर कडांची होती. बिया लांब देठावर दोन-दोन लागलेल्या होत्या, आणि पान मात्र फांदीला जवळजवळ चिकटल्यासारखे होते.

सोटमूळ

हे वर्णन युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या क्वेर्कस रोबर या जातीशी जुळते. गोलसर पानांचे ओक पांढऱ्या ओकच्या गटात मोडतात. त्यांची बी एका वर्षात पिकते आणि जमिनीवर पडल्यानंतर, त्याच शरद ऋतूत, लगेच मूळ सोडते. टोकदार, कुसाच्या पानांचे ओक तांबड्या गटातले असतात. त्यांची बी पिकायला साधारणपणे दोन वर्षे लागतात आणि उगवण्यापूर्वी तिला एक ते तीन महिने ओलसर थंडावा द्यावा लागतो, म्हणजे गोठणबिंदूच्या किंचित वर, चार अंश सेल्सिअसच्या आसपास. तुमच्या बियांना ती वाट पाहायला लावू नका. त्या आत्ताच पेरायच्या आहेत.

पेरताना बी आडवी ठेवावी आणि तिच्यावर तीन ते पाच सेंटीमीटर माती असावी. मूळ नेहमी टोकदार बाजूने बाहेर येते आणि वळून खाली जाते. मी एकदा काचेच्या उंच बरणीत, काचेला लागून, एक बी पेरून पाहिली होती. आठवड्यांमागून आठवडे वर काहीच दिसत नव्हते. काचेतून मात्र पांढरट, बोरूएवढ्या जाडीचे मूळ सरळ खाली उतरत असलेले दिसत होते. मातीवर पहिला तांबूस कोंब दिसला, त्या दिवशी पट्टी लावून मोजले तर मूळ सव्वीस सेंटीमीटर खाली पोहोचले होते आणि बरणीच्या तळाशी वळू लागले होते. ओकच्या गरजांविषयी मला जे काही सांगायचे आहे, ते सगळे त्या बरणीत होते. या झाडाला पहिल्या वर्षी खोली हवी असते. उथळ कुंडीत ते मूळ गोल गोल फिरते आणि पुढे झाड मोठे झाल्यावरही तो फास सुटत नाही. म्हणून शक्य असेल तर बी कायमच्या जागीच पेरावी. कुंडीत पेरायचीच असेल तर ती अरुंद आणि निदान तीस-चाळीस सेंटीमीटर खोल असावी, आणि वर्षभरात रोप जमिनीत जावे.

निळी मंजिरी

लॅव्हेंडरविषयी मी लिहिते, कारण गेली अनेक वर्षे मी तेच करत आले आहे.

अंकुर, तुमचे मागचे रोप का गेले याचा मला अंदाज आहे. तरीही दोन गोष्टी विचारते. रोप जाण्यापूर्वी त्याची पाने खालून वर राखाडी-तपकिरी होत गेली का, आणि माती ओली असूनही ते सुकल्यासारखे मान टाकून उभे होते का? आणि त्याच्या बुंध्याशी तुम्ही काही घातले होते का, म्हणजे पालापाचोळा, भुसा किंवा कंपोस्ट?

अंकुर

मंजिरीताई, अगदी असेच झाले होते. रोप सुकलेले दिसते म्हणून मी रोज पाणी वाढवत गेलो. बुंध्याभोवती चार बोटे जाडीचे कंपोस्टचे आच्छादनही घातले होते, कारण ते सर्वच झाडांना चांगले असते असे वाचले होते.

निळी मंजिरी

मग ते मूळकुजीने गेले, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन. तुम्हाला वाईट वाटू देऊ नका, लॅव्हेंडर लावणाऱ्या बहुतेकांचे पहिले रोप असेच जाते. माझी पहिली अकरा रोपे एका सलग पावसात गेली. त्यातले एक उपटून पाहिले तेव्हा ते काही जोर न लावता हातात आले. मुळे तपकिरी झाली होती, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखा बारीक धागा उरला. निरोगी लॅव्हेंडरचे मूळ फिकट रंगाचे आणि ताठ असते, ते असे सोलून निघत नाही. त्या कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीत उभे असलेले रोप तहानलेले दिसते, आपण आणखी पाणी घालतो, आणि उरलेली मुळेही जातात.

हे करणाऱ्या सूक्ष्मजीवांत फायटोफ्थोरा हा गट मुख्य आहे. त्याचे बीजाणू मातीतल्या साचलेल्या पाण्यातून अक्षरशः पोहत जाऊन मुळाला चिकटतात. मातीतल्या मोठ्या छिद्रांतले पाणी निघून गेले आणि तिथे हवा आली की त्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून लॅव्हेंडरच्या बाबतीत ‘निचरा’ या शब्दाचा अर्थ बराच कडक आहे. पाणी दिल्यावर वरचा थर लवकर कोरडा व्हावा, बुंध्याचा लाकडी भाग कधीही ओला राहू नये आणि दोन पाण्यांच्या मध्ये मातीत हवा खेळावी, इतके सगळे त्या एका शब्दात येते. बुंध्याशी कंपोस्ट घातल्याने नेमका हा भाग सतत दमट राहतो. आच्छादन घालायचेच असेल तर बारीक खडीचे घालावे.

या वनस्पतीचे मूळ घर समजून घेतले की बाकीचे आपोआप कळते. लॅव्हेंडरच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जात, लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, भूमध्य प्रदेशाच्या पश्चिम भागातल्या डोंगरांतली आहे. तिथे चुनखडीची, दगडगोट्यांची, अन्नद्रव्ये कमी असलेली उताराची जमीन असते आणि उन्हाळा कोरडा असतो. अरुंद पाने, त्यांवरची राखाडी लव, पानांतले सुगंधी तेल, ही सगळी त्या कोरड्या उन्हाची तयारी आहे. मातीचा सामू (म्हणजे पीएच, आम्लता मोजण्याचे माप) ६.५ ते ७.५ असला तर तिला मानवतो, ८ च्या जवळ गेला तरी ती तक्रार करत नाही. दिवसाचे सहा तास थेट ऊन ही किमान गरज आहे, आठ मिळाले तर अधिक चांगले. खत जवळजवळ नकोच. नत्र जास्त झाले की फांद्या लांब, मऊ आणि हिरव्या होतात, झुडूप मधून फाकते आणि फुले कमी येतात.

पायवाट

दोन्ही प्रतिसाद फार उपयुक्त आहेत. मी एक शंका मांडतो. ओकच्या मोठ्या वृक्षाखाली लॅव्हेंडर लावलेले मी पाहिले आहे, आणि ते बरे दिसत होते. शिवाय ओकची पाने आम्लधर्मी असतात आणि त्यांच्यामुळे खालची माती लॅव्हेंडरला चालत नाही, असे म्हणतात. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल?

सोटमूळ

पायवाट, पानांच्या आम्लतेविषयी जे सांगितले जाते ते अतिशयोक्त आहे. ताजी गळलेली पाने थोडी आम्लधर्मी असतात हे खरे आहे, पण कुजताना ती आम्लता बरीचशी निवळते, आणि ज्या मातीत मुळातच चुना आहे तिचा सामू वर्षा-दोन वर्षांच्या पालापाचोळ्याने हलत नाही. खरी अडचण पानांच्या थराची आहे. ओकच्या पानांत टॅनिन भरपूर असल्यामुळे ती सावकाश कुजतात, पावसात एकमेकांना चिकटतात आणि खालच्या झुडपावर ओल्या गोधडीसारखी बसून राहतात. मंजिरीताईंनी वर सांगितलेला दमट बुंधा यातूनच तयार होतो. त्यामुळे ओकच्या शेजारी लॅव्हेंडर असेल तर पानगळीत दर काही दिवसांनी झुडपांवरची आणि झुडपांमधली पाने हाताने काढणे, हे न टाळता येणारे काम आहे.

तुमचा पहिला प्रश्न मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ओक आणि लॅव्हेंडर यांची तुलना करताना आपण लॅव्हेंडर जसे आहे तसे घेतो, कारण त्याची गरज पहिल्या वर्षानंतर फारशी बदलत नाही. ओकचे तसे नाही. म्हणून आधी विचारले पाहिजे की तुलना कोणत्या वयाच्या ओकशी करायची आहे.

पहिल्या दोन-तीन वर्षांचा ओक घ्या. त्याला कोरड्या काळात आठवड्यातून एकदा, पण खोलवर मुरेल असे पाणी लागते. बुंध्याभोवती एक मीटरचा गोल गवतापासून मोकळा ठेवावा लागतो, कारण गवत त्याचे पाणी पळवते आणि लहान रोपाची वाढ त्यानेच सर्वांत जास्त खुंटते. त्या गोलात पाच-सात सेंटीमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन उत्तम, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. या वयात ओक आणि लॅव्हेंडर एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. एकाला जे आच्छादन वाढवते तेच दुसऱ्याला कुजवते, आणि एकाच नळीने, एकाच दिवशी दोघांना पाणी दिले तर दोघांपैकी एक नक्की दुखावतो.

आता शंभर वर्षांचा ओक घ्या. त्याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात पसरलेली असतात आणि पर्णसंभाराच्या कडेच्याही बरीच पलीकडे जातात. सोटमूळ पहिल्या काही वर्षांपुरते प्रमुख असते, पुढे आडव्या मुळांचे जाळे त्याची जागा घेते. अशा झाडाला आपण पाणी घालण्याची गरज नसते, आणि कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशांतल्या ओकना तर ते अपायकारक असते. कॅलिफोर्नियातल्या क्वेर्कस अॅग्रिफोलियासारख्या जातींच्या खोडाजवळ उन्हाळ्यात वारंवार पाणी दिले की आर्मिलेरिया बुरशी आणि फायटोफ्थोरा यांचा शिरकाव होतो. मंजिरीताईंचा शत्रू तोच इथला शत्रू आहे. म्हणूनच तिथे जुन्या ओकजवळ काही लावायचेच असेल तर उन्हाळ्यात पाणी न मागणारी झुडपे लावा आणि खोडापासून निदान दोन-तीन मीटर जागा सोडा, असे सांगतात. म्हणजे पाण्याच्या बाबतीत म्हातारा ओक आणि लॅव्हेंडर एकमताचे होतात. तुम्ही पाहिलेली झुडपे बहुधा अशा झाडाच्या कडेला, तिरपे ऊन पोहोचेल अशा जागी असावीत.

पायवाट

ती कडेलाच होती, हे आता आठवले. खोडाकडच्या बाजूची झुडपे एका अंगाने उघडी, लांबट झाली होती आणि सगळी बाहेरच्या दिशेला झुकलेली होती. फुलांचे तुरे फक्त बाहेरच्या अर्ध्या भागावर होते.

निळी मंजिरी

ते सावलीचेच लक्षण आहे. पाण्याची गरज जुळली तरी उन्हाची जुळत नाही. झुडूप मरत नाही, पण त्याचे फुलणे संपते.

रोपवाटिका

मी रोपे तयार करण्याचे काम करते, त्यामुळे अभिवृद्धीच्या, म्हणजे नवी रोपे तयार करण्याच्या, बाजूने थोडी भर घालते, कारण हा फरकही गरजांचाच एक भाग आहे.

ओक बियांपासूनच करावा. त्याची छाटकलमे सहजासहजी मुळे धरत नाहीत. लॅव्हेंडरचे नेमके उलट आहे. बी उगवते, पण संथपणे आणि थंडावा दिल्यावर बरे उगवते, आणि येणारी रोपे आईसारखी असतीलच असे नाही. लॅव्हेंडिन हा अँगस्टिफोलिया आणि लॅटिफोलिया या लॅव्हेंडरच्या दोन जातींचा संकर तर वांझच असतो, त्याला उगवणारी बीच धरत नाही. म्हणून लॅव्हेंडरची कलमे करतात : न फुललेल्या, अर्धवट पक्व फांदीचा आठ-दहा सेंटीमीटरचा तुकडा, खालच्या अर्ध्या भागातली पाने काढून, वाळू जास्त असलेल्या मिश्रणात. तीन ते सहा आठवड्यांत मुळे येतात. या काळात माती ओलसर हवी, चिंब नको.

मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीची पाकिटे अनेक जण विकत घेतात, त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ओकच्या मुळांना बाहेरून वेढणारी बुरशी वेगळी असते, तर लॅव्हेंडरच्या मुळांच्या पेशींत शिरणारी वेगळी. एकाच गटाची बुरशी दोघांना उपयोगी पडत नाही, म्हणून पाकिटावर कोणता गट लिहिला आहे ते वाचावे. ओकसाठी तर जुन्या ओकखालची मूठभर माती पेरणीच्या खड्ड्यात मिसळली तरी पुष्कळदा काम होते. ती माती मात्र निरोगी झाडाखालचीच घ्यावी.

छाटणीतही हाच विरोध आहे. ओकचा बुंधा कापला तरी तरुण झाड त्यातून पुन्हा जोमाने फुटते. लॅव्हेंडरची फांदी पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापली तर ती बहुधा पुन्हा फुटत नाही. म्हणून दरवर्षी फुले संपल्यावर हिरव्या भागाचा साधारण एक तृतीयांश कापावा आणि कात्री नेहमी पानांच्या वरच ठेवावी. जी झुडपे तीन-चार वर्षे न छाटता सोडली जातात, त्यांचा मध्यभाग लाकडी आणि बोडका होतो, आणि मग त्यांना सुधारण्याचा मार्ग उरत नाही.

अंकुर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले आहे की प्रत्येक प्रतिसाद मी दोनदा वाचला. बियांचा निकाल असा : भिजवल्यावर चार तरंगल्या, त्यांतल्या दोघींच्या सालीवर ते गोल भोकही सापडले. चौदा तळाशी बसल्या. एकीची साल टोकाशी उकलली आहे आणि आत काहीतरी पांढरे दिसते आहे.

एक प्रश्न अजून आहे. माझी माती चिकण आहे. लॅव्हेंडरसाठी तीत वाळू मिसळली तर काम होईल का? आणि जमिनीचा सामू कोणाला अधिक महत्त्वाचा आहे?

निळी मंजिरी

वाळूबाबत सावध राहा. चिकण मातीत थोडी बारीक वाळू मिसळली तर वाळूचे कण मातीत रुतून बसतात आणि मिश्रण कोरडे झाल्यावर विटेसारखे घट्ट होते. मी स्वतः हा प्रयोग करून पूर्ण वाफा खराब केला आहे. फरक पडायचा असेल तर वाळू मातीच्या निम्म्याहून अधिक लागते, आणि त्यापेक्षा जमिनीच्या वर वीस-तीस सेंटीमीटरचा उंचवटा करणे सोपे आणि खात्रीचे आहे. उंचवट्याच्या मातीत पाच-दहा मिलिमीटरची खडी मिसळा. दोन रोपांत अँगस्टिफोलियासाठी पन्नास-साठ सेंटीमीटर अंतर ठेवा, लॅव्हेंडिन असेल तर नव्वद. झुडपांमधून वारा वाहिला पाहिजे.

त्याआधी निचऱ्याची परीक्षा करा. तीस सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. पहिल्या भरण्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण कोरडी माती सुरुवातीला पाणी खेचून घेते. तासाला अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरले तर तिथे लॅव्हेंडर सपाट जमिनीत लावू नये.

सोटमूळ

सामूचे उत्तर जातीवर अवलंबून आहे. ओकच्या चारशेहून अधिक जाती आहेत, त्यामुळे ‘ओकला आम्ल माती लागते’ असे सरसकट विधान करता येत नाही. क्वेर्कस पॅलुस्ट्रिस ही जात चुनखडीच्या जमिनीत लावली तर तिला लोह घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. क्वेर्कस मॅक्रोकार्पा त्याच जमिनीत व्यवस्थित वाढते. तुमची रोबर बऱ्याच प्रकारच्या मातीत जमवून घेते, आणि जड, काही काळ ओली राहणारी चिकण माती तर तिला चांगली मानवते. तुमच्या जागेत हा मोठा फायदा आहे. लॅव्हेंडरच्या बाजूलाही एक अपवाद आहेच : लॅव्हेंड्युला स्टोइकास ही जात चुनखडीऐवजी किंचित आम्ल ते उदासीन माती पसंत करते.

हा अपवादाचा विषय निघालाच आहे तर माझ्या फार आवडीचे एक उदाहरण सांगतो. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या भागात ट्रफल या भूमिगत, अतिशय सुगंधी बुरशीसाठी ओकच्या बागा लावतात. एकोणिसाव्या शतकापासून ही पद्धत चालत आली आहे. तिथला काळा ट्रफल चुनखडीच्या, सामू साडेसात ते आठच्या आसपास असलेल्या जमिनीत, क्वेर्कस प्युबेसन्स आणि क्वेर्कस इलेक्स या ओकच्या मुळांवर वाढतो. या ओकच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यांत लॅव्हेंडर घेतात. जमीन दोघांना मानवणारी आहे, कारण हे ओकही लॅव्हेंडरच्याच मुलखातले आहेत. पण त्यापेक्षाही सुरेख आहे तो काळाचा हिशोब. लॅव्हेंडरचे पीक साधारण दहा वर्षे चांगले उत्पन्न देते, आणि ट्रफल यायला ओक लावल्यापासून साधारण तेवढाच काळ जातो. ओक लहान असताना सावली नसते, म्हणून मधले लॅव्हेंडर उन्हात राहते. ओकचा विस्तार वाढू लागतो तोवर लॅव्हेंडर स्वतःच थकलेले असते. शिवाय ट्रफलची बुरशी स्थिरावली की झाडाभोवतीचे गवत आणि लहान वनस्पती विरळ होत जाऊन जळल्यासारखे वर्तुळ दिसू लागते, म्हणजे ती जागा तशीही मोकळीच व्हायची असते. तिथे दोघे एकत्र नांदतात ते एकामागून एक येण्याच्या कराराने.

रोपवाटिका

सोटमूळ यांच्या या उदाहरणाला पूर्ण अनुमोदन. अंकुर, तुमच्याही जागेत हाच हिशोब लावता येईल. अँगस्टिफोलियाचे झुडूप नीट छाटले तर दहा-पंधरा वर्षे टिकते. तेवढ्या काळात बीपासून केलेला ओक पाच-सहा मीटर उंच होईल आणि त्याची सावली अजून लहान असेल. तो भरपूर बिया देऊ लागेल तो तीस-चाळीस वर्षांनंतर. म्हणजे आज लावलेल्या सहा झुडपांना या ओकची अडचण होणार नाही. अंतर ठेवायचे आहे ते पाण्याचे, आच्छादनाचे आणि नंतर तिथे जे काही लावाल त्याचे. पूर्ण वाढलेल्या रोबरचा विस्तार वीस मीटरपर्यंत जाऊ शकतो, हे जागा ठरवतानाच लक्षात घ्यावे, कारण ओक काही वर्षांचा झाल्यावर त्याला हलवणे म्हणजे त्याची बहुतेक मुळे तोडणे होय.

पायवाट

हवामानाचा विचार या तुलनेत आला नाही, म्हणून विचारतो. उष्ण आणि दमट हवेत हे दोघे कितपत तग धरतात?

निळी मंजिरी

अँगस्टिफोलियाला कोरडी थंडी चालते, जमीन कोरडी असेल तर ती उणे वीस अंशांच्या आसपासही टिकते. तिला दमट उष्मा चालत नाही, आणि फुलण्यासाठी थंडीचा काळ मिळाला तरच ती भरभरून फुलते. उष्ण हवेत दातेरी पानांची लॅव्हेंड्युला डेंटाटा अधिक बरी, मात्र निचऱ्याचा नियम तिलाही तेवढाच लागू आहे.

सोटमूळ

ओकच्या बाबतीत रोबरसारख्या पानगळीच्या जातींना हिवाळ्याची विश्रांती हवी असते. मात्र ओकच्या सर्वाधिक जाती मेक्सिकोत आहेत, आणि उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर कोलंबियापर्यंत ओक पोहोचलेला आहे. म्हणून उष्ण प्रदेशातल्याने ओकचा विचार सोडण्याऐवजी जात बदलून पाहावी.

अंकुर

आज दोन खड्डे खणून परीक्षा केली. पट्टीच्या खालच्या टोकाला दुसऱ्या भरण्यानंतर तासाभरात पाणी दीड सेंटीमीटर उतरले. वरच्या टोकाला चार सेंटीमीटर. दोन्ही टोकांत चौदा मीटरचे अंतर आहे.

त्यामुळे लॅव्हेंडर वरच्या टोकाला, पंचवीस सेंटीमीटर उंचीच्या खडीमिश्रित उंचवट्यावर लावतो आहे. ओक खालच्या टोकाला. चौदा बियांपैकी तीन तिथेच, हातभर अंतराने पेरल्या. त्यांतली सर्वांत जोमदार ठेवून बाकीच्या दोन नंतर काढीन. बाकीच्या अकरा ओलसर वाळूत, थंड जागी ठेवल्या आहेत आणि ज्यांच्याकडे जागा आहे अशा ओळखीच्यांना या आठवड्यातच देईन. साल उकललेली बी पेरताना पाहिले तर पांढरे टोक तांदळाच्या दाण्याएवढे बाहेर आले होते. ती मी आडवीच ठेवली.

सोटमूळ

उत्तम. पेरलेल्या जागेवर आजच बारीक तारेची जाळी अंथरा आणि तिच्या कडा मातीत हातभर खोल पुरा. उंदीर आणि खारी त्या बिया पहिल्या रात्रीच उकरून नेतात. कोंब जाळीला टेकला की ती काढून घ्या.